बिनदशीचं कापड

बाबा, तुम्ही जिला कोष्टीण म्हणायचात त्या बाईनं दिलेलं कापड काल मी ट्रंकेतून काढलं. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून डेकवर वाळत टाकलं, वाऱ्यानं उडेल म्हणून शेजारी खुर्ची ओढली आणि अख्खी दुपार त्याची राखण करत बसले. आता असलीच कामं मला मानवतात. कुणी विचारलं असतं, काय करून राहिली, तर सांगायला उत्तर तयार होतं. विचारणारं घरात कुणी नाही. तुमचे जावई जाऊन बरीच वर्षं झाली. नात सिअॅटलला असते, रविवारी न चुकता फोन करते आणि मी नीट जेवते का ते इंग्रजीत विचारते. तुम्ही इथे आलात तेव्हा मला केवढे म्हातारे वाटला होतात! आज मी त्याहून मोठी आहे. आरशात बघते तर तुमचीच हनुवटी दिसते, दाढीचे खुंट तेवढे नाहीत.

आई गेली त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मी तुम्हाला इथे अमेरिकेत, शॉमबर्गला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे भावाशी भांडून, तुमची पेटी स्वतः भरून, हाताला धरून आणलं. तिच्यामागे तुम्ही मागावर बसलाच नव्हतात. गल्लीतली माणसं म्हणायची, कांड्या भरणारी गेली, आता कोष्ट्यानं काय विणावं. खोटं नव्हतं ते. मला कळायला लागल्यापासून आई ओसरीवर चरख्याशी बसून कांड्यांवर सूत भरायची आणि तुम्ही आत खड्ड्यात पाय सोडून, धोटा फेकत, त्या कांड्या संपवायचात. दोघांचा संसार त्या एका सुतावर चालला. पण ती गेल्यावर तुम्ही तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, विमानात नाही. मला तेव्हा दोनच गोष्टी हव्या होत्या, आणि आता त्या स्पष्ट लिहायला लाज वाटत नाही. तुम्ही इथेच राहावं, आणि एकदा तरी आईचं नाव काढावं.

तुम्ही राहायला कुठे तयार होतात! दुसऱ्याच दिवशी विचारलंत, परतीचं तिकीट कधीचं हाये. मग खिडकी धरलीत. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी, खाली पार्किंग लॉट, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर पायी चालणारं एकही माणूस नाही. "लोक गेले कुठं?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायची, गाडीत आहेत. "सगळेच?" सगळेच. जावई अंधारातच निघायचे आणि संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "आज लेट होईल गं, मीटिंग पोस्टपोन झालीय, तुम्ही जेवून घ्या." मग आपण तिघं जेवायचो. मी बोलायची, नात इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि तुम्ही वरणाकडे बघत बसायचात. तुम्हाला वाटत असेल, पोरगी सुखात आहे, पायाखाली गालिचा आहे, नळाला गरम पाणी आहे. बाबा, तुम्ही यायच्या आधी मी दिवसचे दिवस कुणाशी मराठी बोलत नसे. दुपारी रेडिओ लावून ठेवायची, घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून. तुमची काळजी वाटली म्हणून तुम्हाला आणलं हे खरं, पण ते निम्मंच खरं होतं.

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. शाळेचा हॉल, बायकांच्या रेशमी साड्या, कागदी ताटल्यांत साबुदाण्याची खिचडी. पुण्याच्या एक काकू तुमच्याशी बोलायला आल्या. "काका, तुम्ही इंडियात काय करत होता?"

"माग चालवत होतो."

"म्हणजे टेक्स्टाइल मिल का?"

"नाही. हातमाग. घरीच."

"अय्या, हँडलूम! सो नाइस! मग पुढच्या वेळी माझ्यासाठी एक पैठणी घेऊन या हं."

तुम्ही हात जोडलेत. आयुष्यभर नागपुरी काठाची लुगडी विणली, पैठणीचा काय संबंध, असं काही म्हणाला नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणालात, "मले नको नेत जाऊ तिकडं. बोलतात मराठीच, पण मले ऐकू येत नाही." जावई हसले आणि तुमचे कान तपासून घेऊ म्हणाले.

आमच्या बिल्डिंगची कपडे धुवायची यंत्रं तळघरात होती. एका दुपारी मी बास्केट घेऊन निघाले, नात मागे, आणि काय मनात आलं कोण जाणे, तुम्हीही टोपी घालून जिना उतरलात. खाली ड्रायर घरघरत होते, छान ऊब होती. कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाला दोरी बांधून, जमिनीवर चटई टाकून एक बाई पाय दुमडून बसली होती. तुमच्याच वयाची असेल. खांबापासून तिच्या कमरेपर्यंत सुताचे धागे ताणलेले, आणि कमरेमागून घायपाताच्या दोराचा रुंद पट्टा. अंगात विणीतल्या फुलांचा पांढरा सैल झगा आणि त्यावर कुणातरी पुरुषाचं जाडजूड जाकीट. नात मोठ्यानं म्हणाली, "मॉम, व्हाय इज शी टाइड अप?"

पोरगी काय म्हणते, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, त्या बाईला बांधून का ठेवलंय असं विचारतेय.

"बांधून नाही ठेवलं. माग हाये तो," तुम्ही म्हणालात. आणि मग स्वतःशीच, "तिनंच बांधला हाये कमरेला."

मागाबद्दल तुम्ही आपणहून बोललात ते इथे आल्यापासून पहिल्यांदा.

अजून दिसतं मला. तुम्ही उकिडवे बसला आहात, तिच्यापासून जरा लांब, परक्याच्या मागापाशी बसावं तसे. फणी नाही, खड्डा नाही, पायाखाली दाबायच्या दांड्या नाहीत. ती मागे रेलते की ताणा घट्ट होतो, पुढे वाकते की सैल पडतो. गुळगुळीत लाकडी पट्टीनं ती धागा ठोकून बसवते आणि दरवेळी तुमची मान आपोआप हलते. मग तिचं लक्ष तुमच्या धोतराकडे जातं. न विचारता ती हात पुढे करते, धोतराचा काठ दोन बोटांत धरते आणि उलटा करून मागची बाजू बघते. मी घाबरले, म्हटलं आता तुम्ही भडकणार. तुम्ही कुठले भडकता! तुमचा चेहरा उजळला. जो विणतो तो कापड उलटं करून बघतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. अमेरिकेत तुमच्या धोतराकडे टक लावून बघणारे पुष्कळ भेटले, पण ते धोतर तुम्हीच विणलंय हे ओळखणारी ती पहिली.

तिचा मुलगा आमच्या कॉम्प्लेक्सचा मेन्टेनन्सवाला. तो आला आणि आमची बोलणी सुरू झाली. तुम्ही मला मराठीत सांगायचं, मी त्याला इंग्रजीत, त्यानं आईला त्यांच्या भाषेत, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं यायचं. तोवर प्रश्न काय होता ते निम्मे लोक विसरलेले. मेक्सिकोच्या दक्षिणेला डोंगरात त्यांचं गाव, लोक आमुस्गो, आणि त्यांच्या भाषेत गावाच्या नावाचा अर्थ सुताचं गाव. हे ऐकल्यावर तुम्ही सरसावून बसलात.

"तिले विचार, देवांग का साळी?"

आता विणकरांतली पोटजात इंग्रजीत कशी विचारू, बाबा? मी विचारलं, तुमच्याकडे विणणारे लोक कोणते. तो म्हणाला, कोणते म्हणजे? सगळ्याच बाया विणतात. मुली आईशेजारी बसून लहानपणीच शिकतात.

"आन पुरुष?"

पुरुष शेती करतात, तो म्हणाला. आमच्या गावात पुरुषाचं मागावर काय काम? हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही हसलात. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसणं त्याच्यामार्फत तिच्यापर्यंत पोचलं, आपल्याकडे पुरुष विणतात हे तिला कळलं आणि तीही तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "कोष्टीणच हाये," तुम्ही जिना चढताना म्हणालात. "उलटी कोष्टीण."

त्यानंतर खिडकी सुटली. ती सकाळी हायवेजवळच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करायला जायची आणि दुपारी येऊन माग बांधायची. तुम्ही जेवण उरकून आधीच खाली जाऊन बसलेले. तिच्याकडे तपकिरी सूत होतं, ते तुम्ही बोट ओलं करून चोळून पाहिलंत, रंग जातो का म्हणून. चहात बुडवलं काय, विचारलंत. तिनं मुलाकडून सांगितलं की बोंडातूनच तो कापूस असा निघतो. कापसाच्या मुलखात जन्म गेला तुमचा, पण तुमचा विश्वास बसेना. रोज नव्यानं चोळून बघायचात. मुलगा कामावर असला की तुमच्यात बोलणं होत नसे. तुम्ही नागपुरीत काहीतरी म्हणायचात, ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची. अख्ख्या इलिनॉयमध्ये तिची भाषा कळणारा एकटा तिचा मुलगा होता. माझ्याभोवती मराठी बोलणारी माणसं मंडळभर होती, तरी मला तुमच्या दोघांचा हेवा वाटायचा.

आणि मग तो दिवस. मी चहाचा थर्मास घेऊन खाली आले, तर तुम्ही तिच्याशेजारी बसून बोटभर काडीवर सूत गुंडाळत होतात. तिच्यासाठी कांड्या भरत होतात, बाबा! मी दारातच थांबले. आईची बोटं सुतानं कापलेली असायची. हिवाळ्यात ती भेगांत मेण भरायची आणि पुन्हा चरख्याशी बसायची. ताप असताना बसायची. तुम्ही आतून हाक मारायचात, "कांडी!" आणि ती उठायची. तुम्ही एक दिवस, एकच दिवस, बाहेर येऊन तिच्या चरख्याला हात लावला नाहीत. माझं डोकं फिरलं. त्या बाईसमोरच मी म्हणाले, "आईला कधी भरून दिली होती का, एक तरी?"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. "नाही," म्हणालात. धागा तुटला होता, तो थुंकी लावून जोडलात आणि पुन्हा गुंडाळायला लागलात.

मी थर्मास ठेवून वर आले आणि सिंकपाशी उभी राहून खूप रडले. रडून झाल्यावर आठवली ती बीज. दर महिन्याला अमावास्या संपून बीजेची कोर दिसली की आई अंगणात जायची, लुगड्याच्या पदराची दशी ओढायची आणि चंद्राला वाहायची. नात एकदा विचारत होती तेव्हा तिला मी समजावून सांगितलं होतं, दशी म्हणजे कापडाच्या टोकाला राहिलेला न विणलेला धागा, मागावरून कापड कापून काढलं की तो राहतोच. दशी वाहून चंद्राला म्हणायचं, जुनं घे, नवं दे. तुम्ही आतून ओरडायचात, "मी इथं नवं विणून राहिलो अन् तू तिकडं मागून राहिली?" आई म्हणायची, "तुमचं नवं जाते पेठेत. माह्यं नवं चांदोबाच देईल." मग तुम्ही उठून बाहेर यायचात, तिच्या हातातली दशी फुंकून उडवायचात आणि सावकाराच्या थाटात म्हणायचात, "घे बा चांदोबा, जुनं घे." आणि आई हसू दाबत पुढचं म्हणायची, "नवं दे." दर बीजेला तोच खेळ. मला वाटायचं सगळ्याच घरी ते वाक्य असं दोघांत वाटून म्हणतात. कॉलेजात गेल्यावर कळलं की नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली यायची टाळाटाळ करत होते. तुम्हीच बोलावलंत. ती बाई कमरेचा पट्टा सोडून उभी होती. "बस," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला आठवत होतं का हो? मी लहान होते, परकर घालत होते. तुम्ही जेवायला उठलात तेवढ्यात मी मागावर जाऊन बसले. पाय खड्ड्यात पोचेनात. धोटा फेकला तो धागे तोडून पलीकडे जाऊन पडला. तुम्ही हात न धुता आलात. मारलं नाहीत. "ऊठ. मागावर पोरीचं काम नाही. कांडी भर जा," एवढंच म्हणालात. मारलं असतंत तर विसरले असते.

आणि आता तळघरात, ड्रायरच्या घरघरीत, तुम्ही माझ्या कमरेमागून तो पट्टा घेतलात आणि पुढे आणून काठीला अडकवलात. तिच्याकडे बघून बघून शिकला होतात. मी घाबरून धागे ओढायला लागले. "ओढू नको," तुम्ही म्हणालात. "नुसती मागं रेल. तुह्या अंगानंच ताणते ते." मी रेलले. धागे घट्ट झाले. खांब जागेवर होता आणि मी जागेवर होते, मधे सूत. तिनं माझ्या हातात पट्टी दिली, मी ठोकली, वाकडीच लागली. ती काहीतरी म्हणाली, तुम्ही काहीतरी म्हणालात. दोघांनी मिळून माझी वीण उसवली आणि मला पुन्हा बसवलं. तेवढी दुपार मी या देशात एकटी नव्हते.

तिकिटाचा विषय त्याच आठवड्यात पुन्हा निघाला. जावयांनी तुम्हाला समजावलं, "मामाजी, ग्रीन कार्ड अप्लाय करू, तिथे आता तुम्हाला कोण आहे?" तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "तिले खुणेनं विचारलं मी, शेवटी कापते कशी. ते म्हणते कापतच नाही. न कापता मागावरून कापड काढते कसं बाई कोणी? ते पाहूनच जाईन." म्हणजे माझी मुदत ठरली. तिचं कापड पुरं होईपर्यंत. मी रोज कपडे धुवायचं निमित्त काढून खाली जायची आणि कापड किती वाढलं ते बघायची. लाल नागमोडी, तपकिरी फुलं, मधे चिमणीसारखा पक्षी. मनात म्हणायची, बाई गं, सावकाश. एरवी तिच्या हाताला सुट्टी नसे, पण एकदा तिला ताप आला, आठवडाभर माग गुंडाळून भिंतीला उभा होता. मी तिला मुगाची खिचडी नेऊन दिली आणि ती बरी होऊ लागली तसं माझं काळीज खाली खाली जायला लागलं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ती शेवटाशी आली. तिनं आधीच दुसऱ्या टोकाकडूनही थोडं विणून ठेवलं होतं, आणि आता दोन्ही बाजू एकमेकींकडे येत होत्या. मधे चार बोटं सुटं सूत राहिलं, मग दोन बोटं. तिनं काठ्या एकेक करून काढून घेतल्या. पट्टी मावेना तशी तीही बाजूला ठेवली आणि सुई घेतली. एकेक धागा वर, एकेक खाली. तुम्ही चष्मा लावून जमिनीला टेकलात. मुलगा सांगत होता, हे सगळ्यांत अवघड, इथे कुणाचीही घाई चालत नाही. शेवटचा धागा बसला. तिनं दोन्ही टोकांच्या काठ्यांवरून कापड उतरवलं, हातानं दाबून सपाट केलं आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. मग छातीला हात लावून तुमच्याकडे बोट केलं. तुमच्यासाठीच होतं ते, सुरुवातीपासून की मधूनच ठरलं, कुणास ठाऊक. तुम्ही अंगठा कडेनं फिरवत नेलात, एक कड, दुसरी, तिसरी, चौथी. चारही बाजूंना काठ. "दशाच नाहीत," तुम्ही म्हणालात. "बाई, याले टोकच नाही."

ते खांद्यावर टाकून तुम्ही निघालात. बाहेर उजेड उतरत होता आणि तुम्हाला जरा मोकळ्या हवेत चालायचं होतं, म्हणून आपण पार्किंग लॉटला फेरी घातली. पश्चिमेला, गॅस स्टेशनच्या पाटीच्या वर, बारीक कोर होती. मला कुठली तिथी ठाऊक असायला! तुम्ही थांबलात. हात सवयीनं खांद्यावरच्या कापडाकडे गेला, कडेवरून फिरला, धागा शोधू लागला. सापडणार कुठून? मग तुम्ही ओव्हरकोटची बटणं सोडलीत आणि जुन्या धोतराची दशी ओढलीत. तळहातावर ठेवून फुंकलीत.

"घे बा चांदोबा," तुम्ही म्हणालात. "जुनं घे."

आणि थांबलात. मी वाट पाहिली. गाड्या येत होत्या, जात होत्या. शेवटी मीच विचारलं, "पुढचं?"

"पुढचं तुही माय म्हणत होती," तुम्ही म्हणालात. "मी कधी म्हटलं नाही."

तिच्याबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच. मला हवं होतं ते मिळालं आणि त्याच वाक्यात कळलं की तुम्ही राहणार नाही. जिथे ती दुसरी अर्धी हाक येत होती त्या अंगणात तुम्हाला जायचं होतं. मी म्हणू शकले असते, बाबा. नवं दे, एवढे दोनच शब्द. पण ते आईचे होते आणि माझ्या तोंडून तुम्हाला ते चालले असते का, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. आपण वर आलो आणि मी कुकर लावला.

विमानतळावर तुम्ही ते कापड माझ्या हातात दिलंत. "तूच ठेव. तिथं कोणी विचारन, कोणत्या मागावरचं, तर काय सांगू?" काचेपलीकडे तुमची टोपी बराच वेळ दिसत होती. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, कारण पोलिसानं पुढे चला म्हटलं असणार. असंच असणार.

घरी आले तर ती बाई खाली नवा ताणा लावून बसलेली. तुमच्या जागेकडे बोट दाखवून तिनं भुवया उंचावल्या. मुलगा नव्हता. विमानानं गेले हे कसं सांगायचं म्हणून मी हात वर करून आकाशाकडे बोट दाखवलं. तिच्या हातातली पट्टी पडली. तिनं छातीवर क्रूस काढला, मला जवळ ओढलं आणि रडायला लागली. मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी नाही नाही म्हणत दोन्ही हात पसरून विमानासारखी त्या लॉन्ड्रीरूममध्ये फिरले, तोंडानं घूं घूं आवाज करत. मग ती हसली, मी हसले, आणि ड्रायरमधून कपडे काढायला आलेला एक गोरा माणूस आमच्याकडे बघत बघत निघून गेला. तुम्हाला हे पत्रात लिहायचं होतं. भाऊ वाचून दाखवणार, तुम्ही मेल्याची खूण मी केली हे त्याला काय वाटेल, म्हणून लिहिलं नाही.

मग त्या पुढच्याच वर्षी पावसाळ्यात फोन आला. लाइन खरखरत होती, भाऊ ओरडून सांगत होता आणि मी ओरडून विचारत होते, कधी, कधी? सगळं आटोपलेलं होतं. निघूनही उपयोग नव्हता. जावई ऑफिसमध्ये, नात शाळेत. मी जिना उतरून तळघरात गेले. दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटलंच नाही. तिथे ती नव्हती. मुलाला दुसऱ्या राज्यात काम मिळालं म्हणून ते वसंतातच निघून गेले होते, हे मला माहीत होतं. मीच त्यांना वाटेत खायला पराठे करून दिले होते. तरी गेले. खांबावर दोरीनं घासलेली जागा चकचकीत झाली होती. आकाशाकडे बोट दाखवून केलेली ती खूण आता खरी झाली होती, आणि ती जिला करावी ती समोर नव्हती. मी एक रिकामा ड्रायर चालू केला आणि तो थांबेपर्यंत तिथे बसून राहिले.

आता माझं स्वतःचं घर आहे, घरातच वॉशर-ड्रायर आहे, आणि खाली जायला तळघर नाही. काल ऊन उतरल्यावर कापड घडी करायला घेतलं. तुमच्यासारखाच अंगठा फिरवला चारही कडांवरून. जिथे वीण दोन्ही बाजूंनी येऊन मिळाली ती जागा मला आता डोळ्यांनी सापडत नाही, बोटाला मात्र लागते. तिथे वीण किंचित दाट आहे.

मान वर केली तर कोर दिसली. मी बीज कधी पाळली नाही, बाबा, तिथी बघून मुद्दाम कधी गेले नाही. पण दिसली की सोडतही नाही. कापडाला दशी नाही, म्हणून अंगातल्या जुन्या शालीचा धागा ओढला, तळहातावर ठेवला आणि फुंकला. दोन्ही अर्धी मलाच म्हणायची असतात आता. आणि तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला हे कळायचं नाही. काल तोंडातून उलटं निघालं. नवं घे, असं म्हणाले मी. जुनं दे. चूक लगेच लक्षात आली. सुधारली नाही.